चौथा ठोका

बादली पडली तेव्हा साडेतीनच्या हातात चादरीची दोन टोकं होती, त्यामुळे तिला कान झाकून घेता आले नाहीत.

खडांग! पत्र्याची बादली फरशीवर आपटली, गिरक्या घेत घेत वाळवणीच्या मशीनखाली शिरली, आणि हॉस्पिटलच्या तळघरातली अख्खी लॉन्ड्री एका दमात ओरडली, "चाऽऽर!"

"मावशी, वाढदिवसाच्या शुभेच्छा!" इस्त्रीमास्तर दोन्ही हात वर करून उभा होता. जणू बादली पाडून त्याने मोठा सामनाच जिंकला होता.

"माझा नाही रे, काठीचा वाढदिवस," साडेतीन म्हणाली. "आणि दरवर्षी हीच बादली. पोचे बघ किती आलेत तिला. माझ्याआधी तीच रिटायर होईल."

सगळे हसले. तीही हसली. या दिवशी हसणं हे तिच्या ड्युटीतच मोडत होतं. न हसावं तर लोक म्हणणार, बाई चिडल्या. मग सांत्वन करायला चहा आणणार, आणि चहा आणणाराही येता येता चमचा पाडणार.

खिडकीतल्या रेडिओवर निवेदक नेहमीच्या उत्साहात बोलत होता. रोज सकाळी तो संगीतातल्या तारखा सांगायचा. आज अमक्या बँडला फुटून इतकी वर्षं झाली, तमक्या गायकाने आजच्या दिवशी भर स्टेजवर गिटार फोडली, अमकीचा पहिला अल्बम आजच आला. कोण कधी जन्मलं, कोण कधी गेलं, सगळं त्याच्या जिभेवर. आणि वर्षातून एकदा, आजच्या दिवशी, तो आवाज खाली आणून म्हणायचा, "आणि मित्रांनो, आजच ती काठी पडली!"

"धर गं," साडेतीन समोर उभ्या धाकटीला म्हणाली. "एक, दोन, तीन, चार."

चारला दोघींनी एकदम झटका दिला. चादर फाडकन ताठ झाली, कोपऱ्याला कोपरा भिडला, सुरकुती गेली. पुन्हा एक, दोन, तीन, चार. घडी गठ्ठ्यावर. पुढची चादर. लॉन्ड्रीत घड्या घालणाऱ्या सगळ्या जोड्या साडेतीनच्याच मोजण्यावर चालायच्या. झटका एका बाजूने आधी आला की चादर तिरकी पडते आणि मग वॉर्डातली सिस्टर फोन करून उद्धार करते.

धाकटी नोकरीला नुकती लागली होती. घरी दोन मुलांची आई, पण इथे सगळ्यांत लहान, म्हणून धाकटी. तिने दोन-तीन घड्या दम धरला आणि मग विचारलंच. "मावशी, रागवू नका हं. रोज तर तुम्ही नीट चारपर्यंत मोजता. मग गाण्यात चार कुठे गेला?"

"खाली पडला," साडेतीन म्हणाली. "मोज."

आता ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती, एक धाकटी सोडून. चाळीस वर्षांपूर्वी चार पोरं एका गॅरेजमध्ये वाजवायची. तीन मुलगे आणि ड्रमवर एक मुलगी. गाणारा उंच होता म्हणून लांब्या. मुलीला सगळे घड्याळ म्हणायचे, कारण तिचा ठोका कधी चुकायचा नाही. बाकीचे जोशात येऊन पळायला लागले की ती डोळे वटारायची, आणि तिघंही गुपचूप येऊन तिच्या ठोक्यावर बसायचे. मग कुणीतरी त्यांना एका स्टुडिओत नेलं. दिवसभर रेकॉर्डिंग झालं, टेप संपत आली आणि शेवटचं एक गाणं उरलं. घड्याळाने काठ्या एकमेकींवर आपटत मोजलं, "एक, दोन, तीन," आणि घामेजल्या डाव्या हातातली काठी निसटून लाकडी फरशीवर पडली. खटॅक! चार राहिलाच. पण थांबायला टेप नव्हती. तिघांनी मनातल्या मनात चार धरला, गाणं सुरू केलं, आणि तिने अख्खं पहिलं कडवं एका हाताने वाजवलं.

गाणं तयार करणाऱ्या माणसाने ती खटॅक कापली नाही. म्हणाला, हीच तर गंमत आहे.

आणि खरंच, तीच गंमत झाली. लोकांना गाण्याचे शब्द आठवोत न आठवोत, खटॅक पाठ. मैफलीत लांब्याने तीन म्हटलं की हजारो लोक पाय आपटून ओरडायचे, "चार!" शाळेत पोरं बाकावरून पेन्सिली पाडायची. जो जो नवा ड्रमर बँडमध्ये आला, त्याला पहिल्या दिवशी काठी पाडायला शिकवलं जायचं. नवा ड्रमर म्हणायचं कारण, गाणं गाजायच्या आतच घड्याळ घरी बसली होती. वडिलांना अर्धांगाचा झटका आला, आई आधीच गेलेली, आणि बँड तर गावोगाव निघालेला. तिने वर्षानुवर्षं वडिलांच्या चादरी धुतल्या. ते गेले तेव्हा तिला चादरी धुण्यापलीकडे दुसरं काही येत असल्याचं कुणाला सांगता येईना, म्हणून ती इथे लागली. लग्न झालं, लेक झाली, नवरा वारला, लेक मोठी झाली. घड्याळ हे नाव कधीच मागे पडलं. राहिलं ते साडेतीन. तीन मोजले आणि चौथ्याची वाट लावली, ती साडेतीन.

बादली पडली त्याच दुपारी लांब्याचा फोन आला. डबा उघडला होता, घास हातात होता.

"कोण? मोठ्याने बोला, मशीन चालू आहे."

"अगं, मी बोलतोय! लांब्या!"

"जिवंत आहेस का रे?"

"तुझ्यासारख्यांच्या शिव्या खाऊन जिवंत आहे," लांब्या खोकत खोकत हसला. "ऐक. चाळीस वर्षं झाली. पुढच्या महिन्यात मोठ्या मैदानावर कार्यक्रम आहे. शेवटचा बघ हा. गुडघे गेले माझे. तू ये. ड्रमवर बस. एकदा तरी."

"वाजवू?"

तिकडे कुणीतरी त्याला हाक मारली. "हो हो, येतो! ऐकलंस ना? ये तू. बाकीचं ती संयोजिका पोरगी सांगेल तुला."

घास तसाच हातात राहिला. मशीनच्या घरघरीत साडेतीनने उजवा पाय जमिनीवर हळूच आपटून बघितला. मग डावा हात मांडीवर. पाय जागेवर होता, हातही जागेवर होता. मनगटाचं मात्र काही खरं नव्हतं.

ओल्या चादरी पिळून, उचलून, ओढून मनगटं पार कामातून गेली होती. वरच्या मजल्यावरचे हाडांचे डॉक्टर सांगून थकले होते, "मावशी, आराम द्या." आणि ती दर वेळी म्हणत होती, "देते की, तुम्ही पेशंटना सांगा, चादरी कमी मळवा."

महिनाभर मात्र तिने वेगळंच काही आरंभलं. जेवणाच्या सुट्टीत धुतलेल्या उशांचा एक गठ्ठा समोर घ्यायचा, दोन शेजारी, आणि मशीनमधलं गुंतलेलं कापड सोडवायच्या दोन लाकडी काठ्या घेऊन सुरू. उशांवर आवाज नसतो, नुसती धप्‌धप्‌. इस्त्रीमास्तर एकदा म्हणाला, "मावशी, उशांनी काय पाप केलंय?" पण लगेच गप्प झाला, कारण त्याच्या नकळत त्याची मान हलायला लागली होती.

"ठोका पक्का आहे हो तुमचा," धाकटी म्हणाली.

"ठोका कुठे जातोय? हात जातात."

घरी लेकीने गरम पाण्याचं पातेलं पुढ्यात ठेवलं. साडेतीनने दोन्ही मनगटं त्यात बुडवली.

"आई, खरं सांग. त्यांना दाखवायला चाललीस का?"

"कुणाला?"

"जे तुला साडेतीन म्हणतात त्यांना. मला शाळेत पोरं साडेतीनची पोरगी म्हणायची. मी रडत यायचे आणि तू म्हणायचीस, म्हणू दे, नाव तर आहे ना."

साडेतीनने पाण्यात बोटं उघडली, मिटली. "एकदा चार म्हणायचंय मला," ती म्हणाली. "काठी हातात ठेवून. बास. पुढे हात गळून पडले तरी चालतील."

 लेकीने पातेल्यात अजून थोडं गरम पाणी ओतलं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी ती मैदानावर पोचली. स्टेजवर दोन ड्रमसेट होते. मागे उंचावर एक भलामोठा, त्यावर जाडजूड दंडाचा तरुण ड्रमर. आणि पुढे, अगदी लांब्याच्या माईकशेजारी, एक छोटा, जुन्या पद्धतीचा, चकचकीत. त्याच्या डाव्या बाजूला जमिनीवर एक लाकडी फळी बसवली होती आणि फळीच्या नाकासमोर माईक.

"हे काय?" साडेतीनने विचारलं.

कानाला हेडसेट लावलेली संयोजिका धावतच आली. वयाने लेकीएवढी, चेहऱ्यावर झोप नाही. "मॅडम, आलात! किती छान. हे तुमच्या काठीसाठी. स्टेजवर गालिचा आहे ना, आवाज आला नसता. म्हणून फळी."

"आणि ड्रमला माईक दिसत नाहीत ते?"

"ड्रमला कशाला? हा फक्त दिसायला. तुम्ही बसायचं, एक दोन तीन मोजायचं, काठी पाडायची, हात हलवायचा आणि या बाजूने उतरायचं. पुढचं मागचा ड्रमर बघेल." तिने पिशवीतून दोन काठ्या काढल्या. "या मुद्दाम जड लाकडाच्या आणल्यात. आम्ही बऱ्याच पाडून बघितल्या. ही सगळ्यांत छान पडते."

साडेतीनने काठी हातात घेतली. खरंच जड होती. मनगटातून कोपरापर्यंत कळ गेली.

"आणि समजा नाही पडली?"

"अजिबात टेन्शन घेऊ नका!" संयोजिकेने तिच्या खांद्यावर हात ठेवला. मनाने चांगली होती पोर, जीव तोडून काम करत होती. "तो पलीकडे साउंडवाला बसलाय ना, त्याच्याकडे जुन्या रेकॉर्डवरची ओरिजिनल खटॅक आहे. तुमची पडो न पडो, तो बरोब्बर वेळेवर सोडणार. लोकांना कळणारही नाही."

साडेतीन खुर्चीवर बसली. त्या भल्यामोठ्या मैदानाकडे तिने बघितलं. रिकाम्या खुर्च्यांवर कुणीतरी एकेक छोटी लाकडी काठी ठेवत चाललं होतं, लोकांनी एकदम पाडण्यासाठी. जायला हवं, असं तिच्या मनात आलं. उद्या सकाळची पाळी आहे. पाठ दुखते. पाडायला बोलावलंय आपल्याला, आणि पाडायलासुद्धा आपली खरी गरज नाही.

लांब्या काठी टेकत टेकत आला. केस पांढरे, अंगाची कमान झालेली. तरी अजून लांब्याच.

"रागावलीस?"

"तू म्हणालास, ड्रमवर बस."

"बसलीयेस की."

"लांब्या!"

त्याने नजर चुकवली. "माझं कोण ऐकतं गं आता? मलाही कागद देतात, काय बोलायचं त्याचा. लोकांना खटॅक पाहिजे. मी चाळीस वर्षं तीनला थांबतोय. शपथेवर सांगतो, मला चार काय असतो ते आठवत नाही."

ती घरी गेली नाही. का गेली नाही ते तिला सांगता आलं नसतं. कदाचित दमलेल्या माणसाला उठून जाण्यापेक्षा बसून राहणं सोपं जातं म्हणून असेल.

सूर्य मावळता मावळता मैदान भरलं. लेक आणि धाकटी पुढून पाचव्या रांगेत होत्या. गाणी झाली, टाळ्या झाल्या, लांब्याने कागदातलं बोलून दाखवलं आणि मग म्हणाला, "आणि आता, चाळीस वर्षांनी, आपली साडेतीन!"

गर्दीचा आवाज अंगावर भिंतीसारखा आला. ती चालत जाऊन छोट्या ड्रमसेटवर बसली. अंगात लग्नाकार्यासाठी जपून ठेवलेला पोशाख. हातात त्या दोन जड काठ्या. समोर हजारो हात वर झाले, प्रत्येकात एकेक छोटी काठी.

तिने काठ्या एकमेकींवर आपटल्या.

"एक."

मनगटात कळ.

"दोन."

डावा तळवा घामेजला. अगदी तस्साच. बोटं सैल पडताहेत हे तिला कळलं, त्या दिवशीही कळलं होतं.

"तीन."

तिने मूठ आवळली. ओली चादर पिळताना आवळतात तशी, सगळ्या वर्षांच्या सगळ्या चादरींची मिळून एकच मूठ. डोळ्यांपुढे काजवे चमकले. काठी हातात राहिली.

"चार," ती म्हणाली. काठ्या चौथ्यांदा एकमेकींवर आपटल्या.

त्याच क्षणी मोठाल्या स्पीकरमधून खटॅक झाली. जुनी, ओरिजिनल, बरोब्बर वेळेवर. हजारो काठ्या खाली पडल्या, हजारो पाय आपटले, "चाऽऽर!" आणि तिचा चार त्यात पार बुडाला. तिच्या स्वतःच्या कानांनाही तो ऐकू आला नाही.

आता हात हलवून उतरायचं होतं. विंगेत संयोजिका हाताने खुणावत होती. साडेतीनने तिकडे बघितलं नाही. उजवा पाय खाली गेला, दोन्ही हात ड्रमवर आले, आणि तिने पहिलं कडवं वाजवायला सुरुवात केली. दोन्ही हातांनी.

माईक नसलेल्या ड्रमचा आवाज मैदानात कुणाला येणार? पण लांब्या हाताच्या अंतरावर होता. गाता गाता तो चमकला. वळला. तिच्या दोन्ही हातांकडे त्याने एकदा, आणि मग पुन्हा नीट बघितलं. मग हजारो लोकांकडे पाठ करून तो तिच्याकडे तोंड करून गायला लागला. मध्येच जोशात येऊन तो एका ओळीत पुढे पळाला, तिने डोळे वटारले, आणि तो गुपचूप येऊन ठोक्यावर बसला. मागच्या तरुण ड्रमरने हे बघितलं असावं. तोही तिच्या चालीवर आला.

कडवं संपलं. माईक बाजूला धरून लांब्या काहीतरी म्हणाला. आवाज गर्दीत गेला, पण ओठांची हालचाल तिला ओळखता आली.

"घड्याळ."

तिचे हात संपले होते. तिने दोन्ही काठ्या ड्रमवर अलगद ठेवल्या, कसलाही आवाज न करता, आणि सांगितलेल्या बाजूने उतरून गेली.

सकाळी लॉन्ड्रीत पोचली तेव्हा भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवलेलं होतं. बादली इस्त्रीमास्तरच्या हातात तयार. फोटोच्या वर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, "चाळीस वर्षांनी पुन्हा पडली काठी!" खाली लिहिलं होतं की तोच आवाज, तीच धांदल, आणि काठी निसटताच मैदान कसं दुमदुमलं.

"मावशी, वर्तमानपत्रात! आता सहीशिवाय चादर धुवायची नाही!" कुणीतरी ओरडलं.

"सही कसली, अंगठाही उठणार नाही आज," साडेतीन म्हणाली आणि तिने पहिली चादर ओढली. दोन्ही मनगटांना लेकीने पट्ट्या बांधून दिल्या होत्या.

धाकटी भिंतीपाशीच उभी होती, नाक फोटोला लावून. काल ती पाचव्या रांगेत होती खरी, पण सगळे उभे राहिल्यावर तिला पाठींशिवाय काही दिसलं नव्हतं.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "फोटो खटॅकच्या वेळचाच आहे ना? लोकांच्या काठ्या बघा, सगळ्या हातातून सुटून हवेत आहेत."

"असेल."

"मग तुमच्या दोन्ही काठ्या तर हातातच आहेत."

इस्त्रीमास्तर बादली घेऊन पुढे झाला. त्याने चष्मा वर केला, फोटो बघितला. मग साडेतीनच्या बांधलेल्या मनगटांकडे बघितलं.

"यांना छापता येत नाही का नीट?" धाकटी म्हणाली. "फोन करून सांगूया की त्यांना."

"काय सांगायचं?" साडेतीनने चादरीची दोन टोकं तिच्या हातात दिली आणि स्वतःची दोन घेऊन मागे मागे गेली. "वरून सिस्टरचा दोनदा फोन आलाय. धर. आणि आज तू मोज. मला दम नाही."

धाकटीने टोकं पकडली. घसा खाकरला. "एक," ती म्हणाली. "दोन. तीन."

लॉन्ड्रीतल्या सगळ्यांनी सवयीने इस्त्रीमास्तरकडे बघितलं. त्याने बादली दोन्ही हातांनी धरली, वाकला, आणि झोपलेल्या मुलाला खाली ठेवावं तशी ती फरशीवर टेकवली. कडीसुद्धा वाजू दिली नाही.

"चार," धाकटी म्हणाली, आणि चादर ताठ झाली.